देवगिरीचे ओलीस

शारजा, ५ डिसेंबर २००८

प्रिय जेराल्ड,

तू फोन उचलत नाहीस. शेवटचा उचललास तेव्हा "तू सांगितलंस म्हणून मी निघालो, विजय," एवढं एकच वाक्य बोललास आणि ठेवून दिलास. तेव्हापासून वसईचा तुझा नंबर नुसता वाजतो. म्हणून हे पत्र. हातानं लिहायची सवय गेली आहे, नाटकसुद्धा कॉम्प्युटरवर लिहिलं, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

तुझं वाक्य मी नाकारत नाही. पण तो दिवस आठव. तू तापानं घरी झोपलेला. इकडे दुबईला डीआयपीच्या स्टोअरमध्ये ऑडिटवाले तांब्याच्या केबलचे ड्रम मोजतायत, ड्रम कमी भरतायत, आणि स्टोअर इन-चार्ज म्हणून प्रत्येक कागदावर तुझी सही. त्यात गेटशी पोलिसांची गाडी उभी. अशा वेळी मित्राला फोन करायचा नाही तर काय करायचं? आजूबाजूला काय चाललंय ते तूही बघत होतास. मंदीत कर्ज थकलं म्हणून शेजारच्या कंपनीचा इंजिनियर विमानतळावर गाडी सोडून पळाला होता. कोण कधी आत जाईल याचा नेम नव्हता.

आणि मी नुसता फोन करून थांबलो नाही. "जेराल्डची आई सीरियस आहे," असं इद्रीससाहेबांना खोटं सांगून तुझा पासपोर्ट सोडवला. आपल्याकडची रीत तुला माहीत आहे. सगळ्यांचे पासपोर्ट साहेबांच्या कपाटात, आणि रजेवर जाणाऱ्यासाठी दुसऱ्यानं जामीन राहायचं. गेलेला परत येईस्तोवर जामिनाचा पासपोर्ट हलत नाही. तुझ्यासाठी सही मी केली. आज माझा पासपोर्ट तिथं अडकून पडलाय तो तुझ्यापायी.

केबल पुढे रास अल खैमाच्या साइटवर सापडली. कुणीतरी चलन न करता ड्रम तिकडे पाठवले होते. हे तुला लगेच कळवायला हवं होतं, मान्य. पण वातावरण तापलेलं होतं, म्हणून म्हटलं थोडं थांब, मी सांगेन तेव्हा ये. तेवढ्यात तुझी रजा संपली आणि कंपनीनं 'पळून गेला' अशी तक्रार लेबर ऑफिसात दिली. त्याला मी काय करू?

असो. नाटकाचं सांगतो. मंडळानं प्रयोग रद्द केलेला नाही. तुझा शंकरदेव सुजीतला दिलाय. बँकेतला पोरगा, दिसायला राजबिंडा, पण तलवार मोबाइलसारखी धरतो. यादवांचं सैन्य तर रोज घटतंय. आठ सैनिक होते, त्यातले पाच जण नोकरी जाऊन भारतात परतले. राहिलेल्या तिघांना मी दोन-दोन वेळा विंगेतून फिरवणार आहे. देवगिरी पडायला खिलजीची गरजच उरलेली नाही.

तालमीत तू मला छळायचास ते आठवतं. शंकरदेव लढाई जिंकत आलाय, तेवढ्यात लांबून धूळ उठते, आणि दिल्लीची वीस हजारांची फौज आली असं समजून यादवांचं सैन्य पळतं. ती फौज नव्हतीच, गडाला वेढा घालून बसलेली खिलजीचीच एक तुकडी होती. तू म्हणायचास, "अरे, एक घोडेस्वार पाठवून बघायला काय झालं होतं यांना?" मी म्हणायचो, इतिहासात नाही पाठवला, मी कुठून पाठवू?

रोझलिन आणि क्रिस्टिना बऱ्या आहेत. रोझलिन तालमीला येते. राणीचं काम सोडलेलं नाही. तिला तरी फोन कर.

तुझा,
विजयकुमार


शारजा, २७ डिसेंबर २००८

प्रिय जेराल्ड,

उत्तर आलं नाही. येईल अशी अपेक्षाही नव्हती.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी रोझलिन घरी आली होती. हॉटेलची ड्युटी संपवून तशीच, युनिफॉर्मवर स्वेटर. हातात नेवऱ्यांचा डबा, सोबत क्रिस्टिना. मला वाटलं, भांडायला आली असेल. मी मनातल्या मनात उत्तरंही जुळवून ठेवली. तर तिनं सुचित्राच्या हातात डबा दिला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊजी, मी माफी मागायला आले. तुम्ही स्वतः अडचणीत येऊन त्याला सावध केलंत, आणि तो तिकडे जाऊन बसला. तुमचा पासपोर्ट अडकला. मला लाजच वाटते तुमच्यासमोर यायची."

सुचित्रा तिला जवळ घेऊन रडली. मी "अहो, असू द्या हो," असं काहीतरी पुटपुटलो. क्रिस्टिना सोफ्यावर बसून माझ्याकडे बघत होती. ती म्हणाली, "अंकल, डिड माय डॅडी स्टील समथिंग?" मी म्हटलं, नाही बेटा. ती म्हणाली, "देन व्हाय डिड ही रन?"

दोघी गेल्यावर अथर्वनं चार नेवऱ्या खाल्ल्या. मला एकही गेली नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात, इथं न खाताच खवखवत होतं.

तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. जानेवारीपासून स्टोअर आणि अकाउंट्स एकत्र होतंय. दोघांचं काम एक माणूस करणार, आणि तो माणूस मी आहे. इद्रीससाहेबांनी बोलावून सांगितलं. मी तुझ्या खुर्चीत बसतो. आयत्या बिळावर नागोबा म्हणशील तर म्हण. तुझ्या खणात अजून तुझी झेंडू बामची बाटली आहे, ती मी हलवलेली नाही.

साहेब तुझ्याबद्दल विचारत होते. म्हणाले, "विजय, वो ऐसा आदमी नहीं था. भागा क्यों? तुम्हें कुछ मालूम हो तो बता दो. वजह ठीक निकली तो मैं शिकायत वापस ले लूँगा. मार्च तक मेरे हाथ में है, उसके बाद खलास."

मी म्हटलं, "साहब, मुझे क्या मालूम."

दोघांतला एकच राहणार हे मला आधीपासून माहीत होतं, जेराल्ड. नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच साहेब बोलले होते, कोणाला ठेवायचं ते अजून ठरलं नाही म्हणून. मी तुला सांगितलं नाही. रोज एका गाडीतून शारजाहून डीआयपीला जायचो, तू गाणी लावायचास, आणि मी खिडकीबाहेर बघत हिशेब करायचो. माझा अथर्व दहावीला, तुझी क्रिस्टिना पाचवीत. माझा घरभाड्याचा करार वर्षाचा, तुझी वसईला केळीची वाडी. मीच राहणं कसं रास्त आहे ते मी स्वतःला रोज पटवून देत होतो.

पण पोलिसांची गाडी आली होती. ते मी काही रचलेलं नाही.

विजय


शारजा, १७ जानेवारी २००९

जेराल्ड,

काल प्रयोग झाला. तुला कळवायला दुसरं कुणी नाही म्हणून कळवतो.

शाळेचा हॉल निम्मा भरला होता. मागच्या वर्षी लोक जिन्यात बसले होते. सुजीतची तलवार दुसऱ्या अंकात मुठीतून निसटून पेटीवाल्याच्या पायाशी पडली, त्यानं ती शांतपणे परत दिली. तिसऱ्या अंकात मात्र टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता होती. गडावर कोंडलेले लोक कोठार उघडतात, घाईत वर ओढलेली पोती फाडतात, आणि धान्य समजून आणलेल्या पोत्यांतून मीठ सांडतं. आपले तिघे सैनिक ते मीठ ओंजळीत घेऊन उभे राहिले. पहिल्या रांगेतला एक गृहस्थ, मागच्याच आठवड्यात नोकरी गेलेला, रुमालात तोंड घालून बसला होता. रामदेवराय म्हणून मला पुढचं वाक्य होतं, "वर आणताना एक पोतं तरी कुणी उघडून पाहायचं होतं." ते मी म्हटलं. कसं म्हटलं कुणास ठाऊक.

ओलिसाचा प्रवेश तुला आवडायचा. बखरीत तो कुठंही नाही, मी पदरचा घातला होता. तहाची बोलणी चालू असताना राजाच्या बदल्यात घरातलं कुणीतरी गड उतरून शत्रूच्या छावणीत जातं. कोण जाणार यावर दरबारात सगळे माना खाली घालतात, आणि राणी काही न बोलता दागिने उतरवायला लागते. रोझलिननं ते असं केलं की माझ्यावर संवाद विसरायची पाळी आली.

पडदा पडल्यावर मंजुषाताई स्टेजवर आल्या. अध्यक्षीण म्हणून दोन शब्द बोलायचे असतातच. म्हणाल्या, "आज मला आपल्या रामदेवरायांचा सत्कार करायचा आहे, आणि तो केवळ नाटकासाठी नाही. मित्रावर विश्वास टाकून स्वतःचा पासपोर्ट गमावून बसलेला हा माणूस. मित्रानं दगा दिला, पण याच्या तोंडून त्याच्याविषयी आजवर एक वाईट शब्द आलेला नाही." शाल घातली, नारळ दिला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

रोझलिन माझ्या शेजारीच उभी होती, राणीच्या नऊवारीत. तिनं सगळ्यांदेखत मला हात जोडले.

मी वाकून नमस्कार केला, जेराल्ड. प्रेक्षकांना. नटाला सवय असते ना. "दगा मित्रानं दिला नाही," एवढे चार शब्द तोंडातून निघाले असते तर काम झालं असतं. समोर माइक होता. मी आभार मानले आणि चहापाण्याची सोय मागच्या व्हरांड्यात केल्याचं सांगितलं.

शाल कपाटात ठेवली आहे. सुचित्रा म्हणते, थंडी आहे तर वापर ना.

विजय


पुणे, १२ फेब्रुवारी २००९

जेराल्ड,

हे पत्र मी पाठवीन की नाही, मला माहीत नाही.

मी पुण्यात आहे. आई न्हाणीघरात पाय घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आता बरी आहे. वास्तू तथास्तु म्हणते असं तीच लहानपणी सांगायची. तुझी आई सीरियस आहे असं मी खोटं बोललो होतो, तिच्याऐवजी माझी पडली. डॉक्टरांनी मला समोर बसवून सगळं समजावलं तेव्हा माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

मी इथं कसा आलो ते ऐक. माझा पासपोर्ट तुझ्या जामिनापायी कपाटात. इद्रीससाहेब म्हणाले, "माँ का मामला है, मैं समझता हूँ, मगर गारंटी तो किसी की चाहिए." ऑफिसात कुणी पुढं येईना. एकदा हात पोळलेला माणूस समोर दिसत असताना कोण येणार? संध्याकाळी रोझलिनचा फोन आला. दुसऱ्या दिवशी सुट्टी घेऊन ती डीआयपीला आली आणि स्वतःचा पासपोर्ट साहेबांच्या टेबलावर ठेवला. म्हणाली, "मेरे आदमी की वजह से इनका अटका है. ये वापस आने तक मेरा रखो." क्रिस्टिनाची परीक्षा झाली की मार्चमध्ये दोघी कायमच्या वसईला यायच्या आहेत. तरी ठेवला. मी लिहिलेल्या राणीनं केलं तेच तिनं केलं, फक्त मला वाटायचं की असं फक्त नाटकात होतं.

मी नको म्हटलं का? एकदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटलं नाही.

आई हॉस्पिटलातून घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी भाड्याची गाडी करून वसईला आलो होतो. निर्मळच्या नाक्यावर उतरलो, तुझं घर विचारलं. तू वाडीत होतास, पाठमोरा, केळीची सुकलेली पानं कापत. वाळला आहेस. रस्त्यानं जाणारा एक म्हातारा तुला काहीतरी म्हणाला, तू मान वर न करता उत्तर दिलंस. पूर्वी तू माणूस दिसला की हातातलं टाकून गप्पा मारायचास. ज्यानं घर दाखवलं होतं तो पोऱ्या मला म्हणाला, "दुबईत काहीतरी लफडं करून आलाय, म्हणून बोलत नाही कोणाशी." मी तिथूनच मागं फिरलो.

आता जे लिहायचं ते लिहितो.

गेटशी पोलिसांची गाडी दिसली, इथवर तुला मी सांगितलं होतं. पुढचं सांगितलं नाही. मी टेबलावरून उठून गेटपर्यंत चालत गेलो होतो. आपल्या भिकाजीनं पिकअप मागं घेताना गेटच्या खांबाला ठोकली होती. पोलिसांचा कागद असल्याशिवाय तिकडे गॅरेजवाला गाडीला हात लावत नाही, म्हणून भिकाजीनंच त्यांना बोलावलं होतं. पोलिस माझ्यासमोर तो कागद लिहून देत होता. भिकाजीनं मला विचारलं, "साहेब, पगारातून कापतील काय ओ?" मी त्याच्या खांद्यावर थोपटून म्हटलं, नाही रे, काही होत नाही.

मग मी परत आलो, खुर्चीत बसलो, पाणी प्यायलो, आणि तुला फोन लावला. "जेराल्ड, पोलिस आलेत स्टोअरवर." त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

देवगिरीच्या लोकांनी धूळ बघितली आणि पळाले. त्यांची चूक एवढीच की कुणी जवळ जाऊन बघितलं नाही. मी जवळ जाऊन बघून आलो होतो.

विजयकुमार


शारजा, ६ मार्च २००९

जेराल्ड,

पुण्याचं पत्र सोबत जोडलं आहे. तेव्हा टाकायचा धीर झाला नव्हता. आधी ते वाच, मग हे.

परत आल्यावर पहिल्याच दिवशी इद्रीससाहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि त्यांना सगळं सांगितलं. गेट, पिकअप, फोन, तुझ्या आईचं खोटं आजारपण, केबल सापडल्यावरही तुला थांबवून ठेवलं ते. माझं संपल्यावर ते चष्मा काढून डोळे चोळत बसले. मग म्हणाले, "ये तुमने किसलिए किया? नौकरी के लिए?"

मी मान हलवली.

"मैंने तुम दोनों को अलग-अलग बताया था कि एक ही रहेगा. याद है? तुम कुछ नहीं बोले. जेराल्ड दूसरे दिन सुबह आया मेरे पास. यहीं बैठा. बोला, साहब, विजय को रखो. उसके लड़के का बोर्ड का साल है. मेरा क्या, गाँव में बाड़ी है, मार्च में बेटी का इम्तहान हो गया तो मैं आराम से चला जाऊँगा. और बोला, विजय को मत बताना, उसको बुरा लगेगा. मैंने उसी दिन तुम्हारा नाम लिख दिया था."

साहेबांनी चहा मागवला, माझ्यासाठी नाही, स्वतःसाठी.

तू हे मला का बोलला नाहीस, हे विचारायचा मला अधिकार नाही. तरी रात्रंदिवस तेच विचारतो आहे. तुलाही माहीत होतं. त्याच गाडीत, माझ्या शेजारी बसून, गाणी लावत, तुलाही माहीत होतं. मी मनातल्या मनात तुला गडाखाली ढकलत होतो आणि तू आधीच उतरायला तयार होऊन बसला होतास. सन्मानानं जाणार होतास. सगळ्यांचा निरोप घेऊन, ग्रॅच्युइटी घेऊन, शंकरदेवाचं काम करून. मी तुला चोर करून पाठवलं, आणि ज्यासाठी ते केलं ते तू मला आधीच देऊन टाकलं होतंस.

साहेबांनी तक्रार मागे घेतली आहे. कागद माझ्यासमोर सही होऊन गेला. तुझा हिशेब पूर्ण मिळेल, आणि पुन्हा इकडे यायचं झालं तर अडवणार कुणी नाही. मी राजीनामा दिला. ते म्हणाले, "लड़के का इम्तहान हो जाए, फिर जाना. जेराल्ड ने यही माँगा था, वही दे रहा हूँ." अथर्वला अजून सांगितलेलं नाही. सुचित्राला सांगितलं. ती मुलाच्या खोलीत झोपते.

मंजुषाताईंकडे जाऊन शाल परत केली आणि कारण सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे मला कशाला सांगितलंस? आता मी लोकांना काय सांगू?" मी म्हटलं, हेच सांगा. गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात मी स्वतः सांगायला तयार आहे. त्यांनी अजून काही कळवलं नाही. मी त्या दिवशी तिथं जाणार आहे.

रोझलिनचा पासपोर्ट साहेबांकडून घेऊन मी रोल्याला तिच्या घरी गेलो. बॅगा भरणं चाललं होतं. तिनं पासपोर्ट घेतला, थँक्यू म्हणाली, आईची तब्येत विचारली. मी तिला उभ्याउभ्याच सांगितलं. बसायचं धाडस नव्हतं. ती ऐकता ऐकता क्रिस्टिनाच्या फ्रॉकची घडी घालत होती. ती घडी घालून झाली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

"तुम्ही जवळ जाऊन बघितलं होतं?"

"हो."

"आणि मग फोन केलात."

"हो."

आतून क्रिस्टिनानं विचारलं, "मम्मा, हू इज इट?" रोझलिन म्हणाली, "कोणी नाही गं."

मग मी खिशातून पुण्याच्या पत्राचं पाकीट काढलं. त्या दोघी गुरुवारी निघतायत. म्हटलं, तुम्ही जाताच आहात, तर एवढं जेराल्डच्या हातात द्या. त्याला माझ्याकडूनच कळायला हवं.

तिनं पाकीट हातात घेतलं नाही. म्हणाली, "मी त्याला काही सांगणार नाही. तुमचं तुम्ही सांगा. पण हे माझ्याबरोबर नको. पोस्टानं पाठवा, भाऊजी. आठ-दहा दिवस लागतात ना? लागू देत. नाव स्वच्छ झालं, आम्ही घरी आलो, एवढ्या आनंदात तेवढे दिवस तरी तो राहील. तुमच्यावर त्याचा फार जीव होता."

म्हणून हे पोस्टानं पाठवतो आहे.

विजयकुमार